आधी पैसे, मग ताट : मेसमधून भाकरी कुठे गेली?

कानात हेडफोन आणि समोर मेसचं ताट असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला भरायचे आणि मग तीस दिवस समोर येईल ते खायचं, या व्यवहाराची आज गोष्ट आहे. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनी हे सावकाश वाचा, आकडे वाचताना जास्त नीट कळतात.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेत फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. पाळणे, परेड, मिकी माऊस आणि तिथेच राहायला हॉटेलं. तिथे येणाऱ्या पाहुण्यांसाठी २००५ साली आजच्या रूपातला 'डायनिंग प्लॅन' सुरू झाला. सुट्टीचं बुकिंग करतानाच जेवणाचेही पैसे भरून टाकायचे, बदल्यात रोजची ठरावीक 'क्रेडिट' मिळणार. एक क्रेडिट म्हणजे एक जेवण. मग तुम्ही साधा पास्ता घ्या नाहीतर महागडा स्टेक, क्रेडिट एकच जाणार. आता सांगा, पास्ता कोण घेईल?

कुणीच घेत नाही. खाणारा मेन्यूकार्ड किमतीच्या बाजूने वाचायला लागतो, सगळ्यात महाग काय ते आधी शोधतो. आणि पलीकडे हॉटेलवाला पण हिशेब करतच असतो. सुरुवातीला एका क्रेडिटमध्ये स्टार्टर, मेन डिश, गोड आणि वेटरची टीपसुद्धा धरलेली होती. २००८ पासून स्टार्टर आणि टीप दोन्ही काढून टाकलं. तिथे वर्षानुवर्षं जाणाऱ्या लोकांची तक्रार अशी, की प्लॅन आल्यापासून सगळ्या हॉटेलांचे मेन्यू एकसारखे दिसायला लागले आणि रोख पैसे देणाऱ्याला जेवण महाग पडायला लागलं. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, प्लॅन बंद झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये परत आला. लोकांना तो हवाच होता. पैसे एकदा देऊन टाकले की सुट्टीत खिशाकडे बघावं लागत नाही, ही पण एक मजा असते.

आता तुम्ही म्हणाल, परभणीचा आणि डिस्नेचा काय संबंध? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावाला हा प्रश्न विचारायचाच नसतो. पण तरी सांगतो. परभणीत मिकी माऊस नाही, मेस आहे. आणि मेस म्हणजे अगदी शुद्ध स्वरूपातला डायनिंग प्लॅन.

१८ मे १९७२ ला परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ पासून त्याच्या नावात वसंतराव नाईक आले. कृषी विद्यापीठ, कॉलेजं, स्पर्धा परीक्षांचे क्लास, यांच्यामुळे जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा, पालम इकडची पोरं शहरात येऊन राहायला लागली. खोली करून राहणारं पोरगं आलं की मागोमाग मेस आली. वसमत रोड असो की जिंतूर रोड, दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत सतरंज्या नाहीतर टेबलं, आतल्या खोलीत गॅसच्या दोन शेगड्या, भिंतीवर आठवड्याचा मेन्यू आणि त्याखाली लाल अक्षरात 'पैसे अॅडव्हान्स भरावेत'.

त्या लाल ओळीपाशी आपण थोडं थांबू. कारण ही ओळ नेहमी नव्हती.

शिकायला बाहेर पडलेल्या मुलाने जेवायचं कुठे, हा महाराष्ट्रातला जुना प्रश्न आहे. त्याचं एक जुनं उत्तर होतं माधुकरी आणि दुसरं वार. वार लावणं म्हणजे सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, अशी सात घरं धरायची. पैसे नाहीत, त्यामुळे मेन्यूबद्दल बोलायचा हक्कही नाही. त्या घरात जे शिजलं ते. शिवाय हे दार बहुतेक करून ब्राह्मण मुलांनाच उघडं होतं. बाकीच्यांना दारच नव्हतं. म्हणून कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं निघाली, हे नुसतं राहण्याचं काम नव्हतं. कुणाच्या पंगतीत कोण बसणार, हा त्यातला खरा प्रश्न होता.

त्यापुढचं पाऊल टाकलं कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालवलं. तिथे फी म्हणून रोख रक्कम आणणारी मुलं थोडी. मुलं स्वतः राबायची, स्वयंपाक करायची. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. ही गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पण मला त्यातली दुसरी एक बाजू दिसते. त्या काळात भाऊरावांच्या कामाला गावागावातून मूठभर धान्य गोळा व्हायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. घरात दळण दळताना एक मूठ बाजूला. आता ज्या घरात दळणाला ज्वारी-बाजरी असते, तिथून मुठीत काय येणार? ज्वारी-बाजरीच. म्हणजे वसतिगृहाच्या ताटात भाकरी येणार.

हे लक्षात ठेवा. धान्याने पैसे चुकवले की ताटात तेच धान्य येतं. रोकड दिली की ताटात काय यायचं ते दुसराच कुणी ठरवतो.

मराठवाड्याचं सांगायचं तर इथला रस्ता थोडा वेगळा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. उच्च शिक्षण म्हणजे बऱ्याच जणांसाठी हैदराबाद गाठणं. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. त्याच्या वसतिगृहांमुळे मराठवाड्यातल्या खेड्यांतली दलित मुलं पहिल्यांदा शहरात राहून शिकू शकली. त्यांच्यासाठी दोन वेळचं ताट हाच प्रवेशाचा निम्मा भाग होता. परभणीत शिकायची सोय बरीच नंतर झाली.

आता मुंबईकडे वळू, कारण 'महिन्याची मेस' हा प्रकार मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा घडला तो गिरणगावात. लालबाग, परळ, वरळी. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष, बायका-मुलं गावी, आणि एका खोलीत शिफ्टप्रमाणे झोपणारी माणसं. त्यांना जेवायला घालणाऱ्या बायका म्हणजे खाणावळवाल्या. त्या काही मोठ्या धंदेवाल्या नव्हत्या. चाळीतल्याच, घरात कमावणारं कुणी नाही किंवा कमाई पुरत नाही अशा बायका.

आणि इथे गंमत बघा. गिरणी कामगार साधारणपणे आधी खायचा आणि पगार झाल्यावर पैसे द्यायचा. महिनाभराचा तांदूळ, तेल, मासळी ही बाई उधारीवर किंवा सावकाराच्या पैशावर आणायची. व्याज तिच्या डोक्यावर. खाणारा मात्र मोकळा. जेवण आवडलं नाही तर पुढच्या महिन्यात शेजारच्या गल्लीत. म्हणजे पैसे कुणाच्या हातात अडकलेत? बाईच्या. त्यामुळे मेन्यूवर हुकूम कुणाचा चालायचा? खाणाऱ्याचा. कोकणी माणसाला भात-मासळी पाहिजे, घाटी माणसाला भाकरी आणि झणझणीत कालवण पाहिजे, तर ते करावंच लागायचं.

हा भार कमी करायला १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या स्वातंत्र्यसैनिक, गोवा मुक्ती लढ्यातल्या, पुढे कामगार चळवळीतल्या. त्यांनी खाणावळवाल्यांना एकत्र करून राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिलं, म्हणजे सावकार सुटला. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याआधी एक मोठा फटका बसला होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर. पगार नाही, माणसं गावी परतली, आणि उधारीवर जेवलेल्यांचे पैसे? ते कुठून यायचे? संपाचा इतिहास लिहिताना युनियन, मालक, सरकार सगळे येतात. खाणावळवालीच्या वहीत बुडालेली उधारी फारशी कुणी मोजत नाही.

त्या लाल ओळीकडे आता परत बघा. 'पैसे अॅडव्हान्स भरावेत' ही ओळ मेसवाल्या काकूंनी लोभापोटी लिहिलेली नाही. उधारीत किती बाया बुडाल्या त्याचा तो धडा आहे. मी तरी त्यांना दोष देणार नाही.

पण ओळ बदलली की ताट बदलतं. कसं, ते हिशेबाने बघू. सोपा आकडा घेतो, हा कुठल्या खऱ्या मेसचा दर नाही.

समजा महिन्याचे ३००० रुपये. दिवसाला दोन वेळा, तीस दिवसांची साठ जेवणं. पण रविवारी संध्याकाळी मेस बंद, हे तुम्हाला माहितीये. चार रविवार गेले, उरली ५६ जेवणं. म्हणजे एका जेवणाचे साधारण ५४ रुपये. आता तुम्ही एक शनिवार-रविवार गावाकडे गेलात, दोनदा मित्राच्या वाढदिवसाला बाहेर जेवलात, परीक्षेच्या रात्री झोपून राहिलात. धरा दहा जेवणं बुडाली. आता प्रत्यक्षात खाल्लेल्या एका जेवणाचे पडले ६५ रुपये. शंभर मेंबर असतील तर महिन्याला हजार जेवणांचे पैसे आलेत आणि ती जेवणं वाढायचीच नाहीत.

या न खाल्लेल्या जेवणांवर मेस चालते. डिस्नेत सुट्टी संपताना लोक उरलेली क्रेडिट खपवायला पिशवी भरून बिस्किटं-चॉकलेट घेतात. मेसमध्ये तसं करता येत नाही, म्हणून आपण एक वेगळी चीज शोधली: खाडा. "काकू, उद्यापासून पाच दिवस खाडा लावा." खाडा कधी धरायचा याचे नियम वाचलेत कधी? सलग इतके दिवस असले पाहिजेत, आदल्या दिवशी सांगितलं पाहिजे, एका वेळेचा खाडा धरला जाणार नाही. महिन्याचा दर शेजारच्या मेसशी जुळवून ठेवावा लागतो, तो बोर्डावर असतो. खरी स्पर्धा खाड्याच्या नियमात लपलेली असते. नवीन मेस लावताना पोरं 'भाजी कशी असते' ते विचारतात. विचारायचं असतं ते 'खाडा कसा धरता'.

आता भाजीकडे येऊ. "काकू, आज बी बटाटाच का?" हा प्रश्न परभणीत रोज किती तोंडांतून निघत असेल. बटाट्याचं कारण साधं आहे. टिकतो, सोलायला सोपा, शिजल्यावर कमी होत नाही, आणि रस्सा वाढवला की तो पण वाढतो. मटकी, चवळी, वाटाणा यांचंही तेच. भिजवलं की दुप्पट. वरून तर्री आली की आत किती आहे ते दिसत नाही. याच्या उलट भेंडी. धुवायची, पुसायची, एकेक करून चिरायची, पाणी घालता येत नाही, आणि कढईत पडली की आटून निम्मी होते. ठरलेल्या पैशात शंभर माणसं जेवू घालणाऱ्याला भेंडी परवडणं कठीण.

हे मी मुद्दाम भेंडीचं सांगतोय. कारण देशभरातल्या शेतकऱ्यांना माहीत असलेली भेंडीची एक जात आहे, तिचं नाव 'परभणी क्रांती'. इथल्याच कृषी विद्यापीठात तयार झालेली. भेंडीची पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देईल अशी जात हवी होती, म्हणून 'पुसा सावनी' आणि भेंडीचा एक रानटी भाऊबंद यांचा संकर करून ती काढली. गावाचं नाव भेंडीमुळे देशभर पोचलं. आणि त्याच गावात मेसच्या ताटात भेंडी कितीदा येते, ते तुम्ही आठवून बघा.

पण भेंडी बिचारी पाहुणी. खरा मुद्दा भाकरीचा आहे.

मराठवाड्याचं मुख्य अन्न ज्वारी. रब्बीची टपोरी ज्वारी, तिची पांढरीशुभ्र भाकरी, हे आपल्या आज्या-पणज्यांचं रोजचं ताट. मग परभणीतल्या मेसमध्ये चपाती का? गावाकडून आलेलं पोरगं सतरा-अठरा वर्षं भाकरी खाऊन आलेलं असतं. मेसमध्ये पहिल्या दिवसापासून चार चपात्या. कुणी ठरवलं हे?

एक उत्तर सरकारी गोदामात आहे. १९५६ नंतर अमेरिकेचा गहू पीएल-४८० करारातून यायला लागला. १९७२ च्या दुष्काळात तर रेशनवर लाल मिलो आला, तीही ज्वारीच, पण परदेशी. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या तोंडून अजूनही तिचं कौतुक ऐकलेलं नाही. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. तिकडे १९६४ मध्ये सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. उतारा भरपूर, पण खरिपात कणसावर पाऊस पडला की दाणा काळा पडायचा आणि हायब्रीडच्या भाकरीला लोक नाकं मुरडायचे. गहू मात्र हरितक्रांतीनंतर स्वस्त, भरपूर आणि वर्षभर सारखा मिळायला लागला. रेशनच्या साखळीत गहू-तांदळाचंच राज्य आलं. म्हणजे मेसवाल्याला ठरलेल्या दरात वर्षभर मिळेल याची खात्री कशाची? गव्हाची.

दुसरं उत्तर परातीत आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो. चारशे चपात्यांची कणीक एकदम मळून ठेवता येते, लाटणारी एक, भाजणारी एक, आणि तेल लावून डब्यात रचल्या की दोन तासांनी आलेल्या मेंबरलाही मऊ मिळतात. ज्वारीच्या पिठाला तो चिकटपणा नाही. कढत पाणी घेऊन एका-दोन भाकरींपुरतं पीठ मळायचं, लगेच थापायची, लगेच तव्यावर, मग पाणी फिरवून उलटायची, मग जाळावर फुगवायची. जरा उशीर झाला की कडा फाटल्या. गार झाली की तिची ती मजाच गेली. घरात पाच माणसांना आई तव्यावरून ताटात वाढते म्हणून भाकरी जमते. शंभर माणसं, दुपारी बारा ते तीन कधीही येणार, आणि दर आधीच ठरलेला. यात थापणाऱ्या बाईचे हात बसत नाहीत.

आणि समजा तुम्ही वैतागून म्हणालात, "मला भाकरी पाहिजे, नाहीतर मी चाललो", तर? महिन्याचे पैसे आधीच गेलेत. गिरणगावातला कामगार हे म्हणू शकत होता, कारण पैसे त्याच्या खिशात होते.

काही वसतिगृहांत एक तिसरी पद्धत असते, विद्यार्थ्यांनीच चालवलेली मेस. महिन्याचा सगळा खर्च शेवटी मेंबरांत भागायचा. पोरांतून एक मेस सेक्रेटरी. ऐकायला लोकशाही वाटते आणि बऱ्याच अंशी असतेही. पण तिचा स्वतःचा आजार आहे. पनीरचा खर्च शंभरात वाटला जाणार, मग 'लाव पनीर' म्हणायला माझं काय जातं? महिन्याच्या शेवटी बिल आलं की सगळे सेक्रेटरीच्या मागे. पुढच्या महिन्यात पुन्हा बटाटा.

आता दोन सरकारी ताटांची तुलना करू, कारण आधी पैसे भरणारा नेहमी खाणाराच असतो असं नाही. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर योजना आणली. एका रुपयात काही होत नाही, उरलेला भार सरकारचा, शिवाय केंद्रांना मोक्याच्या जागा. ताटात काय? भाकरी! महाराष्ट्राच्या इतिहासात भाकरीला इतका सरकारी मान पुन्हा मिळाला नाही. पण भाकरीचं गणित तेच राहिलं. अनुदान अडकलं, आणि बऱ्याच ठिकाणी झुणका-भाकरीच्या पाटीखाली वडापाव, चायनीज असले पदार्थ दिसायला लागले. सरकार बदलल्यावर योजना गुंडाळली गेली. जागेवरून भांडणं मात्र पुढे कित्येक वर्षं कोर्टात चालली.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २६ जानेवारी २०२० ला, शिवभोजन थाळी आली. दहा रुपये. शहरात एका थाळीमागे केंद्रचालकाला एकूण ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये मिळणार, त्यातले दहा खाणाऱ्याचे, उरलेले सरकारचे. आणि ताटाचं वजन कागदावर लिहिलेलं: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. भाकरी गेली, चपाती आली. या थाळीने लॉकडाऊनमध्ये कित्येकांना जगवलं, तेव्हा ती पाच रुपयांवर आणली होती आणि २०२१ मध्ये काही काळ फुकटही होती. ३० ग्रॅमची चपाती शेतात राबणाऱ्या माणसाला किती पुरते, हा प्रश्न मात्र राहतोच.

सरकारी वसतिगृहांची गोष्ट याच्याही पुढची आहे. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यावर टाकायचं ठरलं. कागदावर हे किती छान दिसतं! ठेकेदार गेला, पोराच्या हातात पैसे, हवं तिथे जेव. आता आपण इतका वेळ जे बोलतोय त्यावरून वाटेल की पोरं खूश झाली असतील. झालं उलटं. जुलै २०१८ मध्ये मुलांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. मागणी काय, तर मेस परत सुरू करा.

का? कारण बाहेरच्या मेसच्या भिंतीवर ती लाल ओळ आहे. पैसे अॅडव्हान्स. आणि सरकारी पैसे खात्यावर वेळेवर जमा होत नाहीत, ही तक्रार स्वाधारसारख्या योजनांतली मुलंही करत आलीत. घरून दोन-तीन हजार रुपये उचलून आणता येणाऱ्या पोराला महिन्याच्या पहिल्या तारखेचं काही वाटत नाही. ज्याच्या घरी तेवढे नसतात, त्याच्यासाठी निवडीचं स्वातंत्र्य म्हणजे दहा तारखेपर्यंत वडापाव. वाईट का असेना, वसतिगृहातल्या मेसमध्ये एक तारखेला ताट यायचं. मेसच्या जेवणाला नावं ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा मोर्चा विसरू नये असं मला वाटतं.

एक फुकट ताटही परभणीतून जातं, त्याचा उल्लेख केला नाही तर नांदेडवाले रागावतील. नांदेड ते अमृतसर सचखंड एक्सप्रेस. तिच्या प्रवाशांना वाटेत परभणीसह काही स्टेशनांवर शीख सेवेकरी लंगर देतात. लोक घरून भांडी घेऊन बसतात. तिथे ना क्रेडिट, ना खाडा. मेन्यू फक्त एका गोष्टीने ठरतो: गाडी किती मिनिटं थांबणार. म्हणून खिचडी, कढी-भात, डाळ-भाजी. पळीने पडेल असंच.

आणि आता परत थीम पार्ककडे. आपल्या भागात त्याचा जवळचा भाऊ म्हणजे कृषी पर्यटन केंद्र. महाराष्ट्रात याची सुरुवात २००५ च्या सुमारास बारामतीजवळच्या माळेगावातून पांडुरंग तावरे यांनी केली आणि २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आलं. थंडीत मोबाईलवर हुरडा पार्टीच्या जाहिराती येतात ना, तेच. माणशी अमुक रुपये, आधी बुकिंग, त्यात नाश्ता, बैलगाडी, झोका, अनलिमिटेड हुरडा आणि दुपारचं चुलीवरचं जेवण.

हुरडा पूर्वी विकायची गोष्ट नव्हती. ज्वारी दुधात-चिकात आली की शेतकरी पाहुण्यांना बोलवायचा. आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे पुढे करायचे. सोबत शेंगदाण्याची नाहीतर तिळाची चटणी, गूळ, दही. गुळभेंडी, सुरती अशा खास हुरड्याच्या ज्वाऱ्या बांधाकडेला चार तासं लावलेल्या असायच्या. आता मागणी वाढली तशा विद्यापीठांनी हुरड्याच्या जाती काढल्या. राहुरीची 'फुले मधुर', आपल्याकडची 'परभणी वसंत'. दाणा गोड आणि चोळला की भोंडातून पटकन सुटणारा.

आता पॅकेजवाल्याच्या जागी बसून विचार करा. हुरडा महाग आहे. तो काही दिवसच मिळतो, आणि भाजणारा-चोळणारा माणूस लागतो. आणि पाहुण्याने पैसे आधीच भरलेत, तो वसूल करायलाच आलाय. मग आल्या आल्या काय द्यायचं? पोहे, नाहीतर मिसळ. मग चहा. मग ऊस, बोरं, पेरू. मग बैलगाडीत एक चक्कर. हुरड्यापाशी पोचेपर्यंत पोट निम्मं भरलेलं! अनलिमिटेड लिहायला मग काही हरकत नसते. फ्लोरिडातला हिशेब इथेही चालतो, फक्त स्टेकच्या जागी कणीस आहे.

पण या पॅकेजमध्ये सगळ्यात जास्त फोटो कशाचे काढले जातात माहितीये? चुलीपुढे बसून भाकरी थापणाऱ्या मावशींचे. जी भाकरी परातीत वेळ खाते म्हणून मेसमधून गेली, तिच्या त्या वेळेचेच इथे पैसे मिळतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून तर हॉटेलच्या मेन्यूवरही ज्वारीची भाकरी तंदूर रोटीच्या वर जाऊन बसलीये. मावशींच्या रोजात त्यातलं किती येतं, ते पॅकेजच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. पुढच्या वेळी फोटो काढलात तर त्यांनाच विचारा.

काही मेसवाल्यांनी आता यातून एक वाट काढलीये. महिन्याच्या दरात चपातीच, पण भाकरी हवी असेल तर सकाळी फोन करून सांगायचं आणि नगाप्रमाणे वेगळे पैसे द्यायचे. किती थापायच्या ते आधी कळतं, म्हणून एक बाई तेवढ्यापुरती बसते. तुमच्या मेसमध्ये अशी सोय आहे का, आणि एका भाकरीचा दर काय, ते आम्हाला कळवा. खाड्याचा नियमही कळवा.